‘कल’ लिहिलेलं खोकं

माझ्या सासूबाई शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत आल्या, आमची सून दवाखान्यात आहे, हाडांच्या विभागात. त्यात अगदीच खोटं काही नव्हतं. मी हाडांचंच काम करायची. फक्त ती हाडं कोंबडीच्या एका दिवसाच्या पिल्लांची असायची, आणि दवाखाना म्हणजे मरोळच्या औद्योगिक वसाहतीमागची, अंडी उबवून पिल्लं विकणारी एक हॅचरी होती. विलेपार्ल्याच्या आमच्या घरात अंडंही येत नसे. त्या घरातून रोज डबा घेऊन निघणारी सून दिवसभर हजारो अंड्यांच्या सहवासात असते, हे शेजारणींना सांगणं त्यांना जड जात असावं. मी संध्याकाळी घरी पोचायच्या आत बादलीत गरम पाणी काढलेलं असे. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

संपादक म्हणाले, ऐंशीच्या दशकातल्या तुमच्या नोकरीबद्दल लिहा, पण रंजक लिहा. पिल्लांचे पाय बांधण्यात रंजक काही नसतं. मान आखडते, बोटांना चिकटपट्टीचा गोंद बसतो आणि पिल्लू हातावर घाण करतं. तरी बारा वर्षांत त्या कामाचा कंटाळा आल्याचं मला आठवत नाही. नोकरी कशी लागली, वरिष्ठ कोण कोण आले नि गेले, हे सगळं गाळते आहे. वाचणाऱ्याला त्यात काही नाही आणि मलाही फारसं नाही.

आधी धंदा समजावून सांगते. अंडं मशीनमध्ये एकवीस दिवस असतं. पहिले अठरा दिवस एका मशीनमध्ये, तिथे त्याला दर थोड्या वेळाने या कुशीवरून त्या कुशीवर वळवायचं. शेवटचे तीन दिवस दुसऱ्या मशीनमध्ये, तिथे मात्र त्याला कुणी हात लावायचा नाही. एकविसाव्या दिवशी ट्रे बाहेर ओढले की पिल्लं वाळून पिवळीधमक झालेली असतात आणि खोलीत एवढा चिवचिवाट असतो की माणसं खुणांनी बोलतात. त्या खोलीच्या कोपऱ्यात माझं टेबल. ट्रेमधली पिल्लं निवडली जायची, धडधाकट ती खोक्यात आणि पायाने अधू ती माझ्याकडे. अधू पिल्लं मोजायची आणि कशाने अधू आहेत ते वहीत लिहायचं, एवढंच माझं काम होतं. ती बरी करायची असं कुणी सांगितलेलं नव्हतं.

धंद्याच्या दृष्टीने ते बरोबरही होतं. पिल्लू स्वस्त आणि माणसाचा वेळ महाग, त्यामुळे अधू पिल्लू बरं करत कुणी बसत नाही. त्याला धंद्यात ‘कल’ म्हणतात. शब्द इंग्रजी आहे. कळपातून काढून टाकायचं जनावर, असा त्याचा अर्थ. काढून टाकायचं म्हणजे काय करायचं, ते सणाच्या अंकात लिहीत नाही.

दर बुधवारी जनावरांचे डॉक्टर यायचे. ते आधी माझी वही बघत आणि मग मशीनकडे जात. पाय म्हणजे मशीनचं प्रगतिपुस्तक आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. उष्णता चढली, दमटपणा कमी पडला, अंडी नीट वळवली गेली नाहीत, अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात काही कमी पडलं, तरी ते सगळं पिल्लाच्या पायात उतरतं. एकदा आठवडाभर रोज मुडपलेल्या बोटांची पिल्लं येत होती. डॉक्टरांनी मशीनला हातही न लावता मोठ्या कोंबड्यांचं खाद्य मागवून घेतलं. त्यातलं एक जीवनसत्त्व पुरवठादाराने परस्पर गाळलं होतं. आपल्या वहीमुळे एक लबाडी सापडली, याचा मला बरेच दिवस अभिमान वाटत होता.

पाय बांधायला मला त्यांनीच शिकवलं. एकदा त्यांनी सहज म्हणून दाखवलं आणि मी ते जेवणाच्या सुट्टीत करत राहिले. तीन प्रकार असतात. पहिला फेंगडे पाय. पिल्लाचे दोन्ही पाय दोन बाजूंना फाकतात आणि ते पोटावर बसून राहतं. निम्म्या वेळा याला कारण अंगाखालचा गुळगुळीत कागद असतो. दोन पायांमध्ये करंगळीच्या रुंदीएवढं अंतर ठेवून त्यांना चिकटपट्टीची किंवा लोकरीची बेडी घालायची आणि खाली गोणपाट अंथरायचं. पिल्लू आधी तोंडावर आपटतं, मग चिडतं, मग उभं राहतं. दोन-तीन दिवसांत बेडी काढता येते. पण हे पहिल्या दोन-चार दिवसांतच करावं लागतं. हाडं एकदा घट्ट झाली की पाय तसेच राहतात.

दुसरा प्रकार मुडपलेल्या बोटांचा. पिल्लू मुठीवर चालल्यासारखं चालतं. त्याला चप्पल करायची. काडेपेटीचा पुठ्ठा पायाच्या आकाराचा कापायचा, त्यावर बोटं एकेक सरळ पसरायची, वरून चिकटपट्टी लावायची आणि पाण्यातून जीवनसत्त्वाचे थेंब द्यायचे. माझ्या पर्समध्ये त्या काळात कायम रिकाम्या काडेपेट्या असायच्या. माझ्या नवऱ्याच्या एका मित्राचा बरीच वर्षं असा समज होता की मी चोरून विड्या ओढते.

तिसरा प्रकार सरकलेल्या दोरीचा. कोंबडीचा गुडघा आपल्याला उलटा वाकल्यासारखा दिसतो, पण तो गुडघा नसतोच, ती टाच असते. त्या टाचेमागून एक दोरीसारखी शीर जाते. ती जागेवरून निसटली की टाच सुजते आणि पाय पिळवटून बाजूला जातो. फार लवकर कळलं तर शीर अंगठ्याने हलकेच जागेवर बसवता येते. बहुतेक वेळा ती पुन्हा निसटते. यात मला कधी फारसं यश आलं नाही. अशी पिल्लं बांधत बसण्यात आपण त्यांच्यावर दया करतो की स्वतःच्या हौसेसाठी त्यांना ताटकळत ठेवतो, हे मला तेव्हा कळत नसे आणि आजही कळलेलं नाही.

आमचे मॅनेजर कामत याकडे काणाडोळा करत, कारण किरकोळ गिऱ्हाइकं खूश होऊन जायची. त्यात नमुने भरपूर होते. त्या काळी रस्त्यावर गुलाबी आणि हिरव्या रंगात बुडवलेली पिल्लं विकायला यायची. अंधेरीचे एक निवृत्त हेडमास्तर नातवासाठी घेतलेलं गुलाबी पिल्लू बिस्किटाच्या डब्यात घालून माझ्याकडे आले. पाय पुरते फेंगडे. खाली काय अंथरता विचारलं तर म्हणाले, दिवाळी अंकांची पानं. मी म्हटलं, कागद गुळगुळीत असतो, पिल्लू घसरतं. त्यावर ते गंभीरपणे म्हणाले की आतल्या मजकुरावरूनही पुष्कळ जण घसरतात. मी बेडी घातली आणि चार दिवसांनी बोलावलं. ते रोज आले. चौथ्या दिवशी पिल्लू डब्यातून उडी मारून वहीवर चढलं तेव्हा त्यांनी शाळेतल्यासारखी माझ्या पाठीवर थाप दिली.

आता ज्या आठवड्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, त्या आठवड्याकडे येते.

आमच्याकडे टेम्पोवर रामनरेश नावाचा एक उत्तर प्रदेशातला तरुण लागला होता. टेम्पो चालवायचा आणि खोकी गिऱ्हाइकांच्या दारात उतरवायचा, हे त्याचं काम. त्याच्या आधीचा माणूस अंगठाबहाद्दर होता. प्रत्येक खोकं उचलताना तो विचारायचा, हे कुठलं, ते कुठलं, आणि आम्ही वैतागायचो. रामनरेश गावी आठवीपर्यंत शिकला होता. पहिल्याच दिवशी त्याने सगळ्या खोक्यांवरची नावं घडाघडा वाचून दाखवली. घाटकोपर, कांदिवली, भांडुप. हातात मालाचं चलन धरून तो एखाद्या कारकुनासारखा बोट फिरवत वाचायचा आणि वाचून झालं की खोक्यावर टिचकी मारायचा. त्याची नोकरी कच्ची होती. पहिल्याच महिन्यात त्याने एक खोकं उन्हात ठेवलं आणि पिल्लं दगावली. तेव्हा कामतांनी त्याला सगळ्यांसमोर बजावलं होतं की पुन्हा एक जरी तक्रार गिऱ्हाइकाकडून आली तर गावची गाडी पकडायची. तक्रार आली नाही तर महिनाअखेर कायम करणार होते. त्यानंतर तो बायकोला मुंबईत आणणार होता. खोलीसुद्धा बघून ठेवली होती, साकीनाक्याला.

ठिकाणांच्या नावांचे देवनागरी छाप खोक्यांवर मारायचे, पण हाताने लिहायचं ते इंग्रजीतच, असा कामतांचा नियम होता. मला तो पटत नसे. खोकी उचलणाऱ्यांपैकी कुणाला इंग्रजी येत नव्हतं, देवनागरी दोघा-तिघांना तरी यायची. आणि खरं सांगायचं तर माझं अक्षर चांगलं होतं. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला मलाच बोलवत, त्याचा तोरा गेला नव्हता. कामत नसले की मी निळ्या खडूने ठसठशीत मराठीत लिहायची.

त्या रविवारी एका मशीनची उष्णता चढली आणि सोमवारी ट्रे काढले तेव्हा एका बाजूची पिल्लं बरीच वाकडी निघाली. बुधवारी डॉक्टरांना दाखवायची म्हणून मी त्यातली साठ एका खोक्यात भरली आणि झाकणावर लिहिलं, कल, साठ. शेजारच्या खोक्यात मुलुंडला जायची साठ चांगली पिल्लं होती. त्यावर नाव घालायचं राहिलं होतं. नंतर घालू म्हणून मी घरी गेले.

मंगळवारी दुपारी मला फोन आला. मुलुंडच्या गायकवाडबाई होत्या. महानगरपालिकेच्या बालवाडीत शिकवायच्या, मूळच्या जालन्याकडच्या. डोंगराच्या पायथ्याच्या त्यांच्या वस्तीत त्यांनी घराला लागून एक पडवी बांधली होती आणि अंड्यांसाठी कोंबड्या पाळायचं ठरवलं होतं. त्याआधी दोन दिवस माझ्या टेबलाशी बसून सगळं शिकून गेल्या होत्या. वाण्याच्या दुकानातून बोलत होत्या.

“आपटेबाई, तुमची पिल्लं बसूनच का आहेत?” त्यांनी विचारलं. “उभं राहायला वेगळं सांगावं लागतं का?”

मी फोन ठेवला आणि खोक्यांच्या खोलीत गेले. कलचं खोकं नव्हतं. चांगल्या साठ पिल्लांचं खोकंही नव्हतं. त्यावर नाव नाही म्हणून ते जादा समजून कामतांनी सकाळी बोरिवलीच्या एका गिऱ्हाइकाला देऊन टाकलं होतं. रामनरेश टेम्पो धूत होता. मी त्याला विचारलं, मुलुंडला कुठलं खोकं दिलंस? तो हात पुसत आला आणि शांतपणे म्हणाला,

“बाई, त्याच्यावर कल लिहिला होता ना. काल वाचला, बाजूला ठेवला. आज दिला. चलानपे भी साठ था.”

मला समजायला क्षणभर वेळ लागला. मराठीत कल म्हणजे झुकाव, निवडणुकीच्या वेळी वर्तमानपत्रांत असतो तो. इंग्रजीत काढून टाकायचं जनावर. हिंदीत उद्या. मी इंग्रजी शब्द मराठीत लिहिला आणि त्याने तो हिंदीत वाचला. त्याने काहीही चुकीचं वाचलं नव्हतं.

काय करायला हवं होतं ते मला तेव्हाही माहीत होतं. कामतांच्या खोलीत जाऊन सांगायचं की नियम मोडून मराठीत लिहिलं ते मी, खोक्यावर नाव घालायचं राहिलं ते माझ्याकडून, रामनरेशचा यात दोष नाही. दारापर्यंत गेले. आत कामत कुणाशी तरी चढ्या आवाजात बोलत होते. मी परत फिरले. पिल्लं बदलून द्यायची तर गेटपास लागणार, गेटपासवर कामतांची सही लागणार आणि कारण सांगावं लागणार. मी मनाशी असं ठरवलं की पिल्लं बरी केली तर तक्रारच येणार नाही आणि मग कुणालाच काही सांगावं लागणार नाही. तेव्हा मला तो शहाणपणा वाटला होता. ती भीती होती, एवढं आता म्हणायला हरकत नाही.

चार वाजता सुटी घेऊन चिकटपट्टीची रिळं, काडेपेट्या आणि थेंबांची बाटली पिशवीत घातली आणि पवईवरून मुलुंडची बस धरली. गायकवाडबाई पडवीच्या दारात उभ्या होत्या. आत वर्तमानपत्रावर साठ पिल्लं पसरली होती, काही बेडकासारखी, काही एका कुशीवर. मी बोलायला तोंड उघडलं तसं गायकवाडबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

मी त्यांना सगळं सांगितलं, शब्दासकट. कामतांना जे सांगता आलं नाही ते त्यांना सहज सांगता आलं. रामनरेशच्या नोकरीचंही सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि मधूनच एखादं पालथं पडलेलं पिल्लू सरळ करत होत्या.

“म्हणजे एका माणसाची नोकरी या पिल्लांच्या पायांवर उभी आहे,” त्या म्हणाल्या. “आणि पिल्लं तर बसलीत.”

मी म्हटलं, रविवारपर्यंत वेळ द्या.

“देते. रविवारी वस्तीतल्या दहा बायका बघायला येणार आहेत, त्यांनाही हे करायचंय. मला त्यांना लंगडी पिल्लं दाखवायची नाहीत. रविवारी सकाळी उभी असली तर माझी. नसली तर हे खोकं घेऊन मी स्वतः तुमच्या मॅनेजरकडे येणार. मला त्या पोराचं वाईट वाटेल, पण मी येणार.”

मला ते रास्त वाटलं. वर्तमानपत्रं काढून आम्ही गोणपाट अंथरलं आणि पिल्लं निवडायला बसलो. चाळिसाला दोन-तीन कमी इतकी फेंगडी होती, पंधरा-सोळा बोटं मुडपलेली आणि सात सरकलेल्या दोरीची. चिकटपट्टी फेंगड्यांच्या निम्म्यातच संपली. गायकवाडबाई उठल्या आणि बालवाडीच्या कपाटातून लोकरीचा गुंडा घेऊन आल्या, जांभळा. गाठ कशी मारायची ते मी दाखवलं. लोकर ओली झाली की आवळते म्हणून गाठ सैल हवी आणि आठच्या आकड्यासारखा वेढा हवा. त्यांनी दुसऱ्याच पिल्लाला माझ्यापेक्षा नीटनेटकी गाठ मारली. अंधार पडायच्या आत सगळी बांधून झाली. जांभळ्या बेड्या घातलेली पिल्लं उभी राहायच्या खटपटीत एकमेकांवर कोसळत होती. गायकवाडबाई म्हणाल्या, बालवाडीचा पहिला दिवस अगदी असाच असतो.

बुधवारी डॉक्टर आले आणि वही बघून त्यांनी वाकड्या पिल्लांचं खोकं मागितलं. मी काढून टाकलं म्हणून सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. आठ वर्षांत मी त्यांच्याशी पहिल्यांदा खोटं बोलत होते, आणि ते त्यांना कळलं असं मला वाटतं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ते मशीनकडे गेले.

त्या दिवशी रामनरेशला मी झालेला प्रकार सांगितला. सांगितलं म्हणजे, खोकं चुकलं एवढं सांगितलं. कलचा आपला अर्थ वेगळा असतो, असंही सांगितलं. चूक माझी होती, हे शब्द मात्र तोंडातून निघाले नाहीत. निघतील असं वाटून मी थोडी थांबलेही. तेवढ्यात त्याचा चेहरा उतरला आणि तोच म्हणाला,

“मेरेकोच पूछना मांगता था, बाई. वाचता येतो म्हणून विचारला नाही.”

त्यावर बोलायची माझी वेळ होती आणि मी पिशवी आवरायला लागले.

मी रोज संध्याकाळी मुलुंडला जात होते. गुरुवारी तोही टेम्पोची भांडुपची फेरी संपवून तिथे आला. गायकवाडबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्याच्या ओंजळीत एक पिल्लू ठेवलं. बोटं मुडपलेल्यांच्या चपला त्या दिवशी बदलायच्या होत्या. तो पिल्लू धरायचा, मी जुनी चप्पल कोमट पाण्याने सोडवायची आणि गायकवाडबाई नवी चढवायच्या. त्याचे हात मोठे होते, पण पकड हलकी होती. एकेका पिल्लाची बोटं सरळ झालेली बघून तो मान हलवायचा. जाताना त्याने बाईंना विचारलं, ठीक होईल ना? त्या म्हणाल्या, रविवारी बघू.

शुक्रवारी फेंगड्यांपैकी बरीचशी बेडीसकट उभी राहिली. शनिवारी बेड्या काढल्या. काही लगेच चालली, काही दोन पावलं टाकून बसली, आणि त्या बसलेल्यांना आम्ही पुन्हा बांधलं. सरकलेल्या दोरीच्या सात पिल्लांपैकी एकाची शीर जागेवर राहिली. बाकी सहा तशीच होती. त्यांच्याकडे बघायचं मी टाळत होते.

रविवारी सकाळी मी पोचले तेव्हा गायकवाडबाई पिल्लं बघून मोकळ्या झाल्या होत्या. पडवीत गोणपाटावर पिल्लं दाण्यांभोवती गर्दी करून उभी होती. चार-पाच जरा झुकून उभी होती, पण उभी होती. सहा पिल्लं त्यांनी टोपलीत वेगळी काढून ठेवली होती.

“ही तुमची,” टोपली माझ्याकडे देत त्या म्हणाल्या. “बाकीची माझी. त्याला सांगा, मी येत नाही.”

मग त्यांनी विचारलं, “तुम्ही मॅनेजरला सांगितलं का, खोक्यावर कोणी लिहिलं होतं ते?”

मी नाही म्हटलं. बाहेर बायका जमायला लागल्या होत्या, गायकवाडबाई तिकडे गेल्या. मी टोपली घेऊन बसस्टॉपवर आले. त्या सहा पिल्लांचं मी घरी येऊन काय केलं ते लिहीत नाही, पण सासूबाईंनी त्या दिवशी दोन बादल्या पाणी काढून ठेवलं होतं.

तक्रार आली नाही. गायकवाडबाईंच्या कोंबड्यांनी पुढे चांगली अंडी दिली. वस्तीतल्या चार-पाच जणींनी आमच्याकडूनच पिल्लं नेली आणि कामतांनी मुलुंडचं गिऱ्हाईक वाढलं म्हणून माझं कौतुक केलं. मी मराठीत लिहिणं सोडलं. कलच्या खोक्यावर लाल फुली मारायला लागले.

रामनरेशमध्ये मात्र फरक पडला. तो खोकं उचलण्याआधी माझ्या टेबलाशी यायचा, ते माझ्यासमोर धरायचा आणि विचारायचा, बाई, हे काय लिहिलंय? खोक्यावर साध्या अक्षरांत घाटकोपर छापलेलं असायचं. मी घाटकोपर म्हणायची, मग तो जायचा. पहिले काही दिवस मला वाटलं, धास्ती आहे, जाईल. गेली नाही. एकदा मी म्हटलं, अरे, तुला वाचता येतं ना? तर म्हणाला, येतो, म्हणूनच विचारतो. चलनावर बोट फिरवणं आणि खोक्यावर टिचकी मारणं बंद झालं. निवडणाऱ्या बायका आपसात हसायच्या, नवा आला तेव्हा वाचायचा, आता विसरला. त्यांना मी गप्प करू शकले असते. मी अनेक पिल्लांचे पाय सरळ केले, पण या एका माणसाला मी आयुष्यभरासाठी वाकडं करून ठेवलं, याचं मला वाईट वाटतं. ते सरळ करायला फार काही लागत नव्हतं, एक वाक्य बोलायचं होतं. हाडं घट्ट व्हायच्या आत बोलायला हवं होतं.

महिनाअखेर त्याला कायम केल्याचं पत्र आलं. कामतांनी ते माझ्याकडे दिलं, त्याची सही घ्या म्हणाले. तो आला. पत्र मराठीत टाइप केलेलं होतं. सुरुवातीलाच त्याचं पूर्ण नाव होतं, मोठ्या अक्षरांत. त्याने हात पुसून कागद घेतला, बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि मग माझ्यासमोर धरून त्या नावावर बोट ठेवलं.

“बाई, इथं काय लिहिलंय?”

“तुझं नाव लिहिलंय.”

“पक्का?”

मी पक्कं म्हटल्यावर त्याने सही केली.